'वारंवार'वर दहा मिनिटे

रविवार, १७ एप्रिल १९७७. जळगाव.

आजपासून ही वही. कारण तसेच आहे. आपल्या जळगावच्या नव्या आकाशवाणी केंद्रावर माझे भाषण होणार आहे. 'शब्दांच्या ओळखी' अशी मालिका निघते आहे. आठवड्याला एक मास्तर, एक शब्द, दहा मिनिटे. तिथले निर्मलकुमार म्हणून एक तरुण गृहस्थ काल शाळेत येऊन शब्द वाटून गेले. आमच्या मुख्याध्यापकांना मिळाला 'कर्तव्य'. जो माणूस वर्गावर गेल्याचे शिपायालाही आठवत नाही, त्याला 'कर्तव्य'! संस्कृतच्या शास्त्रीबुवांना 'संयम'. ते मधल्या सुट्टीत इतरांचे डबे हुंगत फिरतात. आणि मला, जीवराम भारंबे, बी.ए., बी.टी., यांना काय? तर 'वारंवार'.

मी म्हटले, "हा काय शब्द झाला? ना देवाचा, ना देशाचा." निर्मलकुमार म्हणाले, "सर, तुमच्या मुख्याध्यापकांनीच सुचवला. म्हणाले, या बाबतीत तुमच्याइतका अनुभवी माणूस जिल्ह्यात सापडणार नाही." मुख्याध्यापकांच्या तोंडून माझ्याबद्दल बरा शब्द निघाल्याचे मी प्रथमच ऐकले. माणूस अगदीच वाईट नसावा.

घरी येऊन सांगितले. भागाबाई पीठ चाळत होती. "बरोबर मानसाले दिला," एवढे म्हणून पुन्हा चाळू लागली. आमच्या सौभाग्यवतीकडून याहून मोठी स्तुती मिळत नसते. लता नुसती हसली. मुलीने डी.एड. केले, पण वाङ्मयाची गोडी बापाइतकी नाही.

बुधवार, २० एप्रिल.

शब्द वाटला त्यापेक्षा खोल आहे. लोक 'नेहमी', 'सतत' आणि 'वारंवार' एकाच मापाने वापरतात आणि जीभ विटाळतात. 'सतत' म्हणजे खंड नाही. 'नेहमी' म्हणजे अपवाद नाही. 'वारंवार' म्हणजे मात्र मधे थांबले पाहिजे आणि पुन्हा झाले पाहिजे. आमच्या गल्लीतली वीज वारंवार जाते. सतत गेलेली असती तर तिला गेली असे कोण म्हणाले असते? मुख्याध्यापक नेहमी मूर्खपणा करतात. वारंवार करायचा तर मधे थोडा शहाणपणा करावा लागतो. (हे उदाहरण भाषणात घेता येणार नाही. हळहळ वाटते.)

दुपारी भागाबाईला हा फरक समजावला. तिला कळला की नाही अशी शंका आली म्हणून पुन्हा समजावला. संध्याकाळी चहाच्या वेळी पुन्हा. ती म्हणाली, "घडीघडी काय तेच?" मी लगेच टिपून घेतले. 'घडीघडी' हा 'वारंवार'चा आपल्याकडचा भाऊ. त्यात बोलणाऱ्याचा त्रागाही दिसतो. अशी अस्सल उदाहरणे घरबसल्या मिळतात.

रविवार, २४ एप्रिल.

आज सावद्याहून लताला मागणी आली. पुनाआबांचा मुलगा, छगन. पुनाआबांचा केळीचा व्यापार, स्टेशनावर त्यांच्या वॅगनी भरतात. मूळ आमचे गावही सावदाच, तेव्हा घराणे ठाऊक आहे. मुलगा बी.कॉम. आहे, दात सरळ आहेत. मला तर नकार द्यायला जागाच सापडेना.

पाहुणे गेल्यावर लता ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "नाना, मला हे लग्न करायचं नाही. पिंपळनेरच्या शाळेवर माझी नेमणूक झालीय. मी जूनमध्ये तिकडे जाणार."

आवाज चढलेला नाही, डोळ्यांत पाणी नाही, सुपातला हात थांबलेला नाही. मी म्हटले, बघू. ती पुढे बोललीच नाही. आणीबाणी उठल्यापासून जो तो काही ना काही बोलून घेतो आहे, घरातली माणसे तरी मागे कशी राहतील?

पण यावरून भाषणाला एक उत्तम मुद्दा सुचला. माणूस अनेक गोष्टी एकदा बोलतो. त्या वाऱ्यावर जातात. जी गोष्ट त्याच्या मनात खरोखर असते ती तो वारंवार बोलतो. म्हणून 'वारंवार' हा शब्द म्हणजे माणसाच्या मनाची वजनमापे. वा! लताचे म्हणणे एकदाच झाले, सबब ते गंभीर नाही. शिवाय आपल्याकडे मुलीने लग्नाला नाही म्हणणे ही रीतच आहे. झट्‌दिशी हो म्हणणारी मुलगी लोकांना आवडत नाही. भागाबाईसुद्धा आमच्या लग्नाआधी नको नको म्हणत होती, असे सासरे हसत हसत सांगत. काय बिघडले? एकतीस वर्षे संसार चालला आहे.

मंगळवार, ३ मे.

पुनाआबांना होकार कळवला. साखरपुडा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. मुद्दाम तसे ठरवले, कारण भाषणही त्याच सुमारास लागेल असे निर्मलकुमार म्हणाले आहेत. एका मांडवात दोन कार्ये.

लताला सांगितले. ती काही बोलली नाही. म्हणजे विरोध मावळला. मी मुलींच्या मनाचा अभ्यास केलेला आहे.

घरात कामाची झुंबड उडाली आहे. भागाबाई गच्चीवर कुरडया-पापड वाळवते आणि दोन वेगवेगळ्या डब्यांत भरते. एक डबा मोठा, एक लहान. विचारले तर म्हणाली, "एक आपला, एक पोरीचा." मुलीची पाठवणी आतापासून मनात घोळते आहे बिचारीच्या. आईचे काळीज! लता हल्ली वारंवार एस.टी. स्टँडवर जाते. पाचोऱ्याची मैत्रीण येणार आहे, तिच्या गाडीची वेळ बघते म्हणाली. इतक्या वेळा वेळापत्रक बघूनही मैत्रीण काही आली नाही. एस.टी.चा कारभारच तसा. हे उदाहरण भाषणात घेतले आहे: 'मुलगी वारंवार स्टँडवर जाते.'

गुरुवार, १९ मे.

आज ध्वनिमुद्रण झाले. आठ वाजताच जाऊन बसलो. उन्हाने शहर भाजून निघाले आहे, पण ती खोली गार आणि गुळगुळीत. पंखा नाही, घड्याळाची टिकटिक नाही. इतक्या शांततेत माझाच आवाज मला फार आवडला.

मी सबंध वाचले. काचेपलीकडे निर्मलकुमार कपाळाला हात लावून ऐकत होते. इतके तन्मय होऊन माझे कोणी ऐकल्याचे आठवत नाही. नंतर आत येऊन म्हणाले, "सर, बावीस मिनिटं झाली."

"विषय मोठा आहे," मी म्हटले.

"विषय छोटाच आहे. पण तुम्ही प्रत्येक वाक्य तीनदा घेतलंय."

"'वारंवार'वर बोलायचे तर ते दाखवायला नको?"

 मग त्यांनी कात्रीचे काम आपल्याकडे घेतले. म्हणाले, प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवतो. मी म्हटले, मुद्दा जाईल. ते म्हणाले, "सर, मुद्दा पहिल्याच वाक्यात आला होता." तरुण आहेत. अनुभवाने कळेल. एकच मागितले, की मनाच्या वजनमापांचे वाक्य तरी शेवटी पूर्ण राहू द्या. त्यांनी मान्य केले. नऊ जूनला संध्याकाळी लागणार.

आल्या आल्या पुनाआबांना निरोप पाठवला: साखरपुडा नऊ जूनलाच.

शनिवार, ४ जून.

बैठकीत रेडिओ कुठे ठेवावा यावर आज भागाबाईशी वाद झाला. मी म्हटले पाटाच्या समोर. ती म्हणाली, "पोरगी बसनार कुठं ते तरी इचारा आधी." मी म्हटले, पोरगी रेडिओच्या शेजारी. त्यावर ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. या बाईला शब्दांचा तोटा आहे.

लता फार गोड वागते हल्ली. परवा माझे धोतर नीळ घालून धुतले. चष्म्याची काडी बसवून आणली. काल माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला भाषणाचा मधला भाग वाचून दाखवला, तो निर्मलकुमारांनी कापला असण्याची शक्यता असल्याने. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "नाना, तुम्हाला आठवतं का मी काय म्हणाले होते?" मी म्हटले, "कशाबद्दल?" ती म्हणाली, "राहू द्या."

तिला कोणता मुद्दा आवडला होता ते विचारायचे राहून गेले.

गुरुवार, ९ जून. सकाळ.

आजचा दिवस! दाढी झाली. नवा कोट घालून पाहिला. रेडिओ तीनदा लावून पाहिला, खरखर नाही. आचारी मागे शेव तळतो आहे. लता पत्र्याची पेटी घेऊन बाहेर पडली. माझ्या पाया पडली, "निघते नाना," म्हणाली. मी केंद्र लावत होतो. "ये," म्हटले. पार्लर का काय म्हणतात तिथे गेली असावी. पेटी कशाला लागते कोण जाणे. भागाबाई तिला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर डोळे लाल. कांदा कापायला आचारी ठेवला आहे तरी हिला राहवत नाही.

शुक्रवार, १० जून.

लिहायला हात उचलत नाही. पण काल काय झाले ते लिहिलेच पाहिजे, नाही तर लोक सांगतील तेच खरे होऊन बसेल.

पाहुणे सहाला आले. पुनाआबा, छगन, त्याच्या मावश्या, सावद्याचे दहा-बारा मोठे लोक. मी सगळ्यांना रेडिओसमोर बसवले. वेळ झाली आणि माझे नाव पुकारले गेले. पुनाआबांनी टोपी सारखी केली. सगळे कसे शांत ऐकत होते. माझे बोलणे मला थोडे घाईचे वाटले. प्रत्येक गोष्ट एकदाच येत होती आणि लगेच पुढची. मावश्यांपैकी एक म्हणाली, "मास्तर रेडिओवर बरे बोलतात."

मग पुनाआबा कुजबुजले, "मास्तर, पोरगी आना ना बाहेर." मी भागाबाईकडे पाहिले. ती दारात उभी होती, पदर खोचून. म्हणाली, "पोरगी नाई."

"नाही म्हणजे?"

"सकाळच्या धुळ्याच्या गाडीनं गेली. पिंपळनेरले. तुमच्या पाया पडून गेली ना."

नेमके तेव्हाच रेडिओतून मी म्हणालो, "माणूस एकदा बोलतो ते वाऱ्यावर जाते. जे तो वारंवार बोलतो तेच त्याच्या मनातले असते." आणि सतार वाजली.

पुनाआबा उठले. त्यांचा चेहरा पिकल्या केळ्यासारखा पिवळा पडला होता. "मास्तर, आमाले बलावून हे दाखवता?" मी काही बोलायच्या आत छगन म्हणाला, "आबा, मास्तरांवर कायले चिडता? लतानं मले सरळ सांगतलं होतं, महिना झाला. मी तुमाले सांगतलं. किती खेपा सांगतलं? तुमी म्हनले, पोरी लाजतातच."

सावद्याच्या सगळ्या मोठ्या लोकांनी एकाच वेळी पायांत चपला घालायला सुरुवात केली. दारात गर्दी झाली, कोणाची चप्पल कोणी नेली. शेव तशीच राहिली.

ते गेल्यावर मी भागाबाईवर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. एकच गोष्ट फार वेळा बोललो एवढे आठवते: मला का सांगितले नाही?

तिने माझे सगळे होऊ दिले. मग खाली बसली आणि म्हणाली, "तुमाले सांगतलं नाई? तिनं सांगतलं. ओट्यावर बसून सांगतलं, मी ऐकत होती."

"एकदा!" मी म्हटले. "एकदा म्हटलेले कोण धरते? पुन्हा म्हणायचे होते, रडायचे होते, जेवण सोडायचे होते!"

"ते मी केलं व्हतं," भागाबाई म्हणाली. "माह्या लग्नाच्या वख्ती. बापाले घडीघडी सांगतलं, हा मानूस नको. रडूरडू सांगतलं. जेवन सोडलं. हळद लावता लावता बी सांगतलं. सगळे हसत व्हते. मी जितक्या डाव म्हने, तितके जास्ती हसत. म्हनून लताले मी शिकवलं. म्हटलं बाई, एकडाव सांग. साफ सांग. अन् नाई ऐकलं तर पेटी उचल."

ती उठून आत गेली आणि आचाऱ्याला म्हणाली, शेव गल्लीत वाटून टाक.

हा माणूस नको. हा म्हणजे मी. एकतीस वर्षे मी समजत होतो की ती लग्नाला नको म्हणत होती.

शनिवार, ११ जून.

शाळा उघडायला अजून दोन दिवस आहेत हे बरे. भाजी आणायला गेलो तर शास्त्रीबुवा भेटले. म्हणाले, भाषण ऐकले, छान झाले, थोडक्यात झाले. आणखी काही म्हणाले नाहीत. त्यांना सगळे कळलेले आहे. या गावात बातमीला पाय नसतात, मोटार असते.

भागाबाई स्वयंपाक करते, वाढते, बोलत नाही. खरे तर ती पूर्वीही फार बोलत नव्हती. मलाच ते आज ऐकू येते आहे. तिला विचारावेसे वाटते, अजूनही नको का? धीर होत नाही. ती एकदाच उत्तर देईल याची भीती वाटते.

ठरवले. उद्या पिंपळनेरला जाऊन पोरीला घेऊन येतो. छगनला दुसरी मुलगी मिळेल आणि लताला दुसरा मुलगा. नोकरी जळगावातही मिळते. तिला नीट समजावून सांगेन. एकदा, दोनदा, लागेल तितक्या वेळा. शेवटी माझीच मुलगी आहे.

भागाबाईला सांगितले. तिने लहान डबा माझ्यापुढे ठेवला. "तिचा राह्यला होता. घेऊन जा."

रविवार, १२ जून. पिंपळनेर.

पहाटेची गाडी धुळ्यापर्यंत बरी होती. पुढे साक्रीपर्यंत उभा राहून आलो. साक्रीनंतर जागा मिळाली, पण शेजारी कोंबड्या. धुळ्याच्या स्टँडवर काही खाल्ले नाही. बोलायचे काय ते मनात घोकत होतो.

खोली सापडायला वेळ लागला नाही. मोगराबाई म्हणून घरमालकीण आहेत, वयस्क आणि करड्या. दारातच म्हणाल्या, "बाईना बाप शेतस का तुम्ही? बठा भाऊ. बाई पांझरा नदीवर गयी शे धुनं लिसन. आते यी." मग मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "पोर गुणी शे. बठ्ठा काम एकलीच करस." मी म्हटले, हो, आमचीच आहे.

लता आली. ओले कपडे खांद्यावर, केस विस्कटलेले. मला पाहून दचकली नाही. कपडे वाळत घातले, पाणी दिले, आई कशी आहे विचारले. डबा घेतला, उघडून वास घेतला आणि तसाच थोडा वेळ धरून बसली. खोलीत एक सतरंजी, पेटी, स्टोव्ह, आणि भिंतीला नवा फळा टेकवलेला. उद्यापासून शाळा.

मी घोकलेले सगळे विसरलो. म्हटले, "घरी चल."

"नाही नाना," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. आता ती कारणे सांगेल, मी खोडून काढीन, ती रडेल, मी डोक्यावर हात ठेवीन. ती मात्र स्टोव्ह पेटवून भाकरी थापू लागली. वांग्याची भाजी केली. खमंग वास सुटला. माझ्या पोटात सकाळपासून चहाचा थेंब होता फक्त.

"नाना, जेवता?"

"नको, नको," मी म्हटले. "धुळ्याला झाले माझे."

"बरं," म्हणून तिने एकच ताट घेतले आणि माझ्यासमोर जेवायला बसली.

मला खरेच कळेना. एवढ्या लांबून बाप आला आहे, तो नको म्हणाला आणि ही जेवू लागली! जळगावात असते तर एव्हाना भागाबाईने ताट वाढून माझ्या हाताला धरून पाटावर बसवले असते. मी हात आडवा धरला असता, तिने वरून तूप ओतले असते. जन्मभर मी कुठल्याही घरी पहिल्या विचारण्याला हो म्हटलेले नाही. आणि आजपर्यंत उपाशीही राहिलेलो नाही. लता भाकरीचा तुकडा मोडत होती, भाजीला लावत होती, चावत होती. मुद्दाम करते आहे असे तिच्या तोंडावर कुठेही नव्हते. मी नको म्हणालो होतो, एवढेच तिला माहीत होते.

मला फार लाज वाटली. ती तिच्यासमोर वाटली की भागाबाईसमोर, ते नीट सांगता येत नाही.

"लता," मी म्हटले, "मला भूक लागली आहे."

ती लगेच उठली. हात धुतले, दुसरे ताट मांडले, तव्यावरची भाकरी वाढली. "मग नको कशाला म्हणालात?"

"तसे म्हणायचे असते."

"मी नाही म्हणत तसं," ती म्हणाली. आणि मीठ पुढे केले.

घरी चल असे पुन्हा एकदा म्हणायला मी तोंड उघडले होते. त्यात घास घातला. भाकरी गरम होती, भाजी तिखट, आईच्या हातच्यासारखीच. पहिली भाकरी संपली तेव्हा सवयीने ताटावर हात आडवा धरून बसलो. लता पाणी पीत होती, तिने वाढली नाही. मग मी हात बाजूला घेतला आणि दुसरी भाकरी मागून घेतली.